ठशातले गाव

बालपणीची हवेची बंदूक माळ्यावरून काढून तिचा जीर्णोद्धार करणारे वृद्ध अमेरिकेत पुष्कळ आहेत. ‘डेझी’ ही अशीच एक बंदूक. मिशिगनमधील प्लिमथ गावच्या पवनचक्क्यांच्या कारखान्याने ती प्रथम गिऱ्हाइकांना भेट म्हणून दिली. पुढे तिचा खप इतका वाढला, की १८९५ साली कारखान्याने तिचेच नाव घेतले. १९५८ साली मात्र तो आर्कान्सासमधील रॉजर्स येथे हलला.

चामडी वॉशर सुकला असेल तर तेल द्यावे, स्प्रिंग बदलावी. परंतु गंज काढताना ‘प्लिमथ’ हा ठसा घासू नये. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या आम्हांस त्या अक्षरांत एका गावाचे श्रम दिसतात. ते पुसणे म्हणजे जीर्णोद्धार नव्हे.