छावणी, छत्रपती संभाजीनगर : मुक्कामाची परंपरा

छत्रपती संभाजीनगर शहराच्या पश्चिमेस, खाम नदीच्या पलीकडे असलेली लष्करी वस्ती. येथील नागरी कारभार छावणी परिषदेकडे आहे. येथे दर गुरुवारी आठवडी बाजार भरतो. ‘छावणी’ म्हणजे फौजेने टाकलेला तळ, म्हणजेच मुक्काम. या शहराच्या अनेक जुन्या वस्त्या अशा मुक्कामांतूनच उभ्या राहिल्या. प्रवाशांच्या निवासाची येथील परंपरा आणि तिचा बुटीक हॉटेल या आधुनिक प्रकाराशी असलेला संबंध यांची माहिती या नोंदीत दिली आहे.

पुरे आणि तळ : मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. औरंगजेबाच्या दख्खनच्या दुसऱ्या सुभेदारीत, १६५३ मध्ये, तिचे नाव औरंगाबाद झाले. २०२३ मध्ये शहराला छत्रपती संभाजीनगर हे नाव मिळाले. मोगल फौजांबरोबर दक्षिणेत आलेल्या राजपूत आणि बुंदेला सरदारांनी शहराबाहेर आपापले तळ ठोकले. मोहिमा लांबत गेल्या, तंबूंच्या जागी घरे आली आणि तळांचे पुरे झाले. बिकानेरच्या करणसिंहाच्या नावाने कर्णपुरा, त्याचा मुलगा पद्मसिंह याच्या नावाने पदमपुरा, मिर्झाराजे जयसिंहांच्या नावाने जयसिंगपुरा आणि ओर्छाच्या पहाडसिंहाच्या नावाने पहाडसिंगपुरा आजही ओळखला जातो. पहाडसिंगपुऱ्यातील सोनेरी महाल हे अशाच एका पाहुण्या सरदाराचे निवासस्थान होते. आता तेथे वस्तुसंग्रहालय आहे. छावणीला लागून असलेल्या कर्णपुऱ्यात तुळजाभवानीचे देऊळ आहे. नवरात्रात तेथे मोठी यात्रा भरते.

पाणचक्की : छावणीतून शहरात येताना खामकाठी पाणचक्की लागते. मध्य आशियातून आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा येथे आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हा परिसर घडत गेला. उत्तरेकडील डोंगरातले झऱ्याचे पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून येथे आणले आहे. ते उंचावरून हौदात पडते आणि त्याच्या जोरावर जाते फिरते. या जात्यावर दळलेले पीठ फकीर, यात्रेकरू आणि वाटसरू यांच्या जेवणासाठी वापरले जाई. हौदाखालील प्रशस्त दालनात उन्हाळ्यातही गारवा असतो. आलेल्या माणसाला सावली, पाणी आणि भाकरी देणारी या शहरातील ही सर्वांत देखणी व्यवस्था होय. संस्थापकाच्या नावातच ‘मुसाफिर’ असावे हेही अर्थपूर्ण आहे.

लष्करी छावणी आणि रेल्वे : एकोणिसाव्या शतकात निझामाच्या खर्चाने उभी असलेली, परंतु ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिंजंट ही फौज येथील छावणीत असे. जून १८५७ मध्ये तिच्या घोडदळाने येथे बंड केले. ते मोडण्यासाठी जनरल वुडबर्न फौज घेऊन आला. मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला आणि अजिंठा, वेरूळ पाहणाऱ्यांची वाट सोपी झाली. त्याआधी येणारा पाहुणा सरकारी बंगल्यात किंवा परिचिताच्या घरी उतरे. रेल्वे आल्यावरही ती रीत लगेच मोडली नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१३ मध्ये येथे आला, तोही मित्राच्या घरी राहिला. पुढे निझामाच्या रेल्वेने प्रवाशांसाठी स्वतःचे हॉटेल चालवले.

हॉटेलांचा काळ : अजिंठा आणि वेरूळ १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. केंद्र सरकारच्या पर्यटन महामंडळाचे औरंगाबाद अशोक हे हॉटेल २००२ मध्ये निर्गुंतवणुकीत विकले गेले. राज्य पर्यटन महामंडळाचे निवासस्थान स्टेशन रस्त्यावर आहे. रामा इंटरनॅशनल, अँबेसेडर अजंता आणि ताज ही मोठी हॉटेले तटाबाहेर, मोकळ्या जागेत उभी राहिली. रौजा बाग येथे १९९३ मध्ये स्थापन झालेल्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेने या व्यवसायासाठी कित्येक तरुणांना तयार केले. पर्यटकाचा दिवस मात्र ठरून गेला. सकाळी सुमारे ३० किलोमीटरवरचे वेरूळ किंवा १०० किलोमीटरवरचा अजिंठा गाठायचा, संध्याकाळी खोलीवर परतायचे. शहर वाटेतच राहिले.

बुटीक हॉटेल : मोजक्या खोल्या, प्रत्येक खोलीची वेगळी मांडणी, गजबजलेल्या वस्तीतील जागा आणि पाहुण्याची जातीने विचारपूस ही या प्रकाराची लक्षणे. लंडनमधील ब्लेक्स (१९७८) आणि न्यूयॉर्कमधील मॉर्गन्स (१९८४) ही त्याची आरंभीची उदाहरणे मानली जातात. आपल्याकडे या प्रकाराने जुन्या वास्तूंना नवे आयुष्य दिले. पणजीच्या फोंतेन्हास वस्तीतील पंजीम इन आणि मुंबईच्या कुलाब्यातील लॅन्सडाऊन हाउसमधील अबोड ही त्याची ठळक उदाहरणे आहेत. दोन्ही ठिकाणी पाहुणा दाराबाहेर पाऊल टाकतो तो थेट शहराच्या चालत्याबोलत्या जीवनात.

छत्रपती संभाजीनगराचा जुना भाग या कल्पनेला अनुरूप आहे. गुलमंडीची सुपारी हनुमानाजवळची वर्दळ, शहागंजचे घड्याळ, सिटी चौक, राजाबाजारातील संस्थान गणपती आणि बुढ्ढी लेनमधील नान-खलियाचा सुवास हे सारे पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे. मलिक अंबरने १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजाही जवळच आहे. पलंगावर येथील हिमरू या विणलेल्या कापडाची चादर, जेवणात ज्वारीची भाकरी, चौकात पाण्याचा हौद आणि दाराशी वाट सांगणारा स्थानिक माणूस एवढे असले तरी खोलीला गावाची ओळख मिळते.

मूल्यमापन : देखणी सजावट कोणत्याही गावात विकत आणता येते. शेजार तसा आणता येत नाही, आणि बुटीक हॉटेलचे खरे मोल त्या शेजारातच आहे. म्हणून जुने वाडे आणि हवेल्या पाडून त्यांच्या जागी नव्या इमारती बांधण्यापेक्षा त्यांची डागडुजी करून तेथे पाहुणा ठेवणे शहराच्या अधिक हिताचे आहे. त्यामुळे वास्तू टिकते आणि विणकर, खानावळवाले, रिक्षावाले यांच्या हातीही चार पैसे पडतात. लेणी पाहण्यासाठी येणाऱ्याने एक दिवस शहरासाठी राखावा आणि छावणीपासून पाणचक्कीवरून गुलमंडीपर्यंत पायी जावे.