शिक्षणाचे अर्थशास्त्र : कमाई आणि आरोग्य

शिक्षणावर होणारा खर्च, त्यातून व्यक्तीला व समाजाला मिळणारा परतावा आणि तो खर्च कोणी उचलावा, यांचा अभ्यास करणारी अर्थशास्त्राची शाखा. हा खर्च फी आणि वह्यापुस्तकांपुरता नसतो. मूल शाळेत असताना त्याची शेतातली वा दुकानातली मजुरी बुडते आणि गरीब घराला बहुधा तीच सर्वांत जड जाते. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्ये अमेरिकन अर्थशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात शिक्षणावरील खर्चाला गुंतवणूक मानले. गॅरी बेकर यांच्या १९६४ च्या ग्रंथाने ‘मानवी भांडवल’ ही संकल्पना रूढ केली, तर जेकब मिन्सर यांनी १९७४ मध्ये शिक्षणाची वर्षे, कामाचा अनुभव व कमाई यांची सांगड एका समीकरणात घातली. जास्त शिकलेला जास्त कमावतो आणि बहुधा जास्त जगतो, हे देशोदेशींच्या आकडेवारीत दिसते.

मात्र हे शिक्षणामुळेच घडते, असे एवढ्यावरून म्हणता येत नाही. हुशार आणि खात्यापित्या घरांतली मुलेच जास्त शिकतात. ती न शिकताही पुढे गेली असती, हा पहिला आक्षेप. त्याला उत्तर द्यायचे तर मुलाच्या कुवतीशी संबंध नसलेल्या कारणाने शिक्षण वाढल्याचे उदाहरण हवे. ते इंडोनेशियात सापडले. तेलाचे भाव वाढल्यावर हाती आलेल्या पैशातून तेथील सरकारने १९७३-७४ ते १९७८-७९ या काळात ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. शाळेबाहेरची मुले जिथे अधिक, तिथे शाळाही अधिक. १९७४ मध्ये २ ते ६ वर्षांची असलेली मुले या शाळांत गेली. १२ वर्षांपुढच्यांना मात्र त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. एस्थर डुफ्लो यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या या दोन वयोगटांची तुलना २००१ मध्ये प्रसिद्ध केली. दर हजार मुलांमागे एक शाळा वाढली की शिक्षण सरासरी ०.१२ ते ०.१९ वर्षांनी आणि मजुरी १.५ ते २.७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. त्यावरून शिक्षणाच्या एका जादा वर्षाचा परतावा ६.८ ते १०.६ टक्के निघाला. गावात शाळा बांधली गेली ती कोणाची हुशारी पाहून नव्हे. म्हणून हा पुरावा वजनदार आहे.

दुसरा आक्षेप मायकेल स्पेन्स यांच्या १९७३ च्या मांडणीतून येतो : पदवीने कौशल्य वाढतेच असे नाही, ती मालकाला उमेदवाराची पात्रता कळवणारी खूण ठरते. काही नोकऱ्यांत हे नक्कीच घडते. पण स्वतःची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याला प्रमाणपत्र दाखवायचे कोणाला? अँड्र्यू फॉस्टर आणि मार्क रोझेनझ्वाइग यांना हरितक्रांतीच्या काळातील भारतीय शेतकरी कुटुंबांच्या अभ्यासात, सुधारित बियाणे जिथे अधिक उपयुक्त ठरले तिथे प्राथमिक शिक्षणाचा परतावाही वाढलेला दिसला. नवे बियाणे, खताचे प्रमाण आणि पाण्याच्या पाळ्या यांचा मेळ घालताना शिक्षणाचा उपयोग झाला, असाच याचा अर्थ लागतो.

आरोग्याबाबतचा पुरावा इतका एकमुखी नाही. इंडोनेशियातल्या त्याच शाळांच्या आधारे केलेल्या अभ्यासात आईइतकेच वडिलांचे शिक्षणही बालमृत्यू घटवण्यात महत्त्वाचे दिसले. उलट ब्रिटनने सक्तीच्या शिक्षणाचे वय १९४७ मध्ये १४ वरून १५ आणि १९७२ मध्ये १५ वरून १६ केले, तेव्हा मुले जास्त शिकली, परंतु डेमन क्लार्क व हेदर रॉयर यांना मृत्युदरात लक्षणीय फरक आढळला नाही. यावरून शिक्षण आणि आरोग्याचा संबंधच नाकारणे मात्र घाईचे होईल. ब्रिटनमधली मुले त्या वयापर्यंत लिहायला-वाचायला शिकलेली होती आणि १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवाही सर्वांना खुली झाली होती. उकळलेले पाणी, लस, औषधाची मात्रा यांची माहिती जिथे मुळात पोहोचलेली नाही, तिथे पहिल्या काही इयत्ता जे करतात ते वरच्या इयत्तेचे एखादे जादा वर्ष करील असे नाही.

म्हणूनच सार्वजनिक पैशावर पहिला हक्क प्राथमिक शिक्षणाचा ठरतो. जीव वाचलेल्या मुलाचा आणि टळलेल्या साथीचा लाभ शेजाऱ्यांनाही होतो, पण घर खर्चाचा विचार करते तो आपल्या लाभापुरताच. भारतात ही मागणी जुनी आहे. रयतेच्या करातून वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही तक्रार जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे मांडली होती. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळाने १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले.