तेलकट त्वचा: चेहऱ्यावरचे तेल येते कुठून आणि त्याचे करायचे काय?

सकाळी घरून निघताना चेहरा स्वच्छ धुतलेला असतो. लोकल किंवा बसमधून उतरेपर्यंत कपाळ आणि नाक पुन्हा चकाकू लागते. रुमालाने पुसले तरी तासाभरात तीच गत. मग फेसवॉश दिवसातून चार-पाच वेळा होतो, त्यावर लिंबू, त्यावर स्क्रब. आठवड्याभराने चेहरा ओढल्यासारखा वाटतो, गाल झोंबतात आणि मुरूम मात्र होते तिथेच असतात.

असे होण्याचे कारण साधे आहे. चेहऱ्यावरचे तेल ही बाहेरून येऊन बसलेली घाण नसते. त्वचा ते आतून तयार करते, म्हणून कितीही घासले तरी ते संपत नाही. तेल आटोक्यात ठेवणे आणि ते करताना त्वचेला इजा होऊ न देणे, एवढेच तेलकट त्वचेच्या निगेचे सूत्र आहे.

तेल येते कुठून?

तळहात आणि तळपाय सोडले तर जवळजवळ संपूर्ण अंगावर सूक्ष्म तैलग्रंथी असतात. बहुतेक ग्रंथी केसाच्या मुळाशी जोडलेल्या असतात. डोके, कपाळ, नाक, हनुवटी, छाती आणि पाठीचा वरचा भाग इथे त्या दाट असतात. म्हणूनच कपाळ, नाक आणि हनुवटी हा भाग सर्वांत आधी तेलकट होतो. इंग्रजी 'टी' अक्षरासारख्या आकारामुळे त्याला 'टी-झोन' म्हणतात.

या ग्रंथींतल्या पेशी तेलाने भरत जातात आणि शेवटी फुटतात. त्यातून बाहेर पडणाऱ्या पदार्थाला 'सीबम' म्हणतात. त्यात स्निग्ध पदार्थ, मेणासारखे घटक आणि स्क्वालीन नावाचे तेल असते. सीबममुळे त्वचा आणि केस मऊ राहतात. नवजात बाळाच्या अंगावर जो पांढरट चिकट थर दिसतो, त्यातही सीबम असते.

ग्रंथींनी किती तेल बनवायचे हे मुख्यतः अँड्रोजेन गटातील संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स ठरवतात. ही संप्रेरके पुरुषांप्रमाणेच स्त्रियांच्या शरीरातही असतात. लहानपणी या ग्रंथी जवळपास शांत असतात आणि वयात येताना जोमाने काम करू लागतात. त्यामुळे दहावी-बारावीच्या मुलांचे चेहरे एकाएकी तेलकट होतात. काही जणींना पाळी येण्याच्या आधीच्या दिवसांत तेल वाढल्याचे जाणवते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या त्वचेतले तेल बरेच कमी होते. पुरुषांमध्ये ते पुढेही टिकते.

आनुवंशिकतेचाही मोठा वाटा असतो. आई किंवा वडिलांची त्वचा तेलकट असेल, तर मुलांची तशी असण्याची शक्यता अधिक. शिवाय हवामान आहेच. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. घाम आणि तेल एकत्र झाले की चेहरा अधिकच चिकट वाटतो.

त्वचा तेलकट आहे, हे ओळखायचे कसे?

घरच्या घरी एक सोपी चाचणी करता येते. सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, टिपून कोरडा करा आणि काहीही न लावता साधारण तासभर थांबा. नंतर कपाळ, नाक, गाल आणि हनुवटीवर टिशू पेपर हलकेच दाबा.

- सगळीकडे तेलाचे डाग उमटले, तर त्वचा तेलकट.
- फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीवर उमटले, तर मिश्र त्वचा.
- कुठेच डाग नाही आणि चेहरा ओढल्यासारखा वाटतो, तर कोरडी त्वचा.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. त्वचा तेलकट असूनही तिच्यात पाण्याचा अंश कमी असू शकतो. वरून चकाकणारा चेहरा धुतल्यावर ताणला जात असेल, बारीक कोंड्यासारखे पापुद्रे सुटत असतील, तर बहुधा तो फार वेळा किंवा फार कडक साबणाने धुतला जात आहे.

तेल आणि मुरूम यांचे नाते

तेल जास्त असले म्हणजे मुरूम येतीलच असे नाही. केसाच्या छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी साचतात, त्यात तेल अडकते आणि छिद्र बुजते. तोंड बंद राहिले तर पांढरा दाणा दिसतो, उघडे राहिले तर काळा. हा काळा रंग मळाचा नसतो. हवेच्या संपर्कामुळे आणि त्वचेतल्या मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे तो येतो, म्हणून ब्लॅकहेड्स घासून जात नाहीत. बुजलेल्या छिद्रात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू वाढतात, सूज येते आणि लाल, दुखरा मुरूम तयार होतो.

गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत मुरूम गेल्यावरही काळपट डाग अनेक महिने राहतो. मुरूम फोडला तर डाग अधिक गडद होतो आणि कधी कधी खड्डाही पडतो. मुरूम आठवड्याभरात बसतो, खड्डा मात्र आयुष्यभर राहू शकतो.

वाफ घेतल्याने छिद्रे उघडतात आणि बर्फाने बंद होतात, असेही सांगितले जाते. छिद्रांना दार नसते. ती उघडतही नाहीत आणि मिटतही नाहीत. आतला मळ आणि तेल कमी झाले की ती लहान दिसतात, एवढेच.

घरगुती उपाय: काय चालते, काय टाळावे?

*लिंबू:* निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण ५ च्या आसपास असतो. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या जवळपास, म्हणजे कित्येक पट आम्ल. तो थेट लावल्यास आग होते. लिंबू लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे चट्टेही पडू शकतात.

*खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट:* सोडा अल्कधर्मी असल्याने त्वचेचे संरक्षक आवरण बिघडवतो. टूथपेस्टने मुरूम सुकल्यासारखा वाटतो, पण आजूबाजूची त्वचा सोलवटून निघते.

*मुलतानी माती:* ती तेल शोषून घेते. आठवड्यातून एकदा लावायला हरकत नाही. मात्र पूर्ण तडकेपर्यंत ठेवू नये; ओलसर असतानाच धुवावी आणि धुताना घासू नये.

*बेसन आणि उटणे:* दिवाळीत अभ्यंगस्नानाला उटणे लावणे वेगळे आणि मुरूम असलेल्या चेहऱ्यावर ते रोज रगडणे वेगळे. भरड कणांनी सुजलेले मुरूम आणखी चिघळतात.

*डोक्याचे तेल:* कपाळावर केसांच्या रेषेलगत बारीक पुटकुळ्या येत असतील, तर संशय आधी डोक्याच्या तेलावर घ्यावा. रात्री भरपूर खोबरेल लावून झोपले की ते कपाळावर आणि उशीच्या अभ्र्यावर उतरते. तेल धुण्याच्या तासभर आधी लावावे, कपाळाला लागू देऊ नये आणि उशीचे अभ्रे वरचेवर धुवावेत.

रोजची निगा: तीन गोष्टी पुरतात

*१. धुणे.* सकाळी आणि रात्री असे दोनदा, आणि भरपूर घाम आल्यानंतर एकदा. सौम्य फेसवॉश, कोमट किंवा साधे पाणी आणि बोटांची टोके एवढे पुरेसे आहे. अंगाचा साबण बहुधा अल्कधर्मी असतो, चेहऱ्यासाठी तो टाळावा. बोअरवेलच्या जड पाण्यात साबणाचा थर त्वचेवर राहतो, त्यामुळे तिथे फेसवॉश अधिक सोयीचा. दिवसा तेल आले तर पुन्हा न धुता टिशूने टिपून घ्यावे.

*२. मॉइश्चरायझर.* आधीच तेलकट असलेल्या चेहऱ्याला आणखी काय लावायचे, असा प्रश्न पडतो. पण तेल आणि पाण्याचा अंश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेलसारखे हलके मॉइश्चरायझर निवडावे. पाकिटावर 'ऑइल-फ्री' किंवा 'नॉन-कॉमेडोजेनिक', म्हणजे छिद्रे न बुजवणारे, असे लिहिलेले असते.

*३. सनस्क्रीन.* उन्हामुळे मुरुमांचे डाग गडद होतात. एसपीएफ ३० किंवा अधिक असलेले, जेल स्वरूपातले सनस्क्रीन सकाळी लावावे. बराच वेळ उन्हात असल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावावे.

कोणता घटक काय करतो?

जाहिरातीपेक्षा पाकिटावरची घटकांची यादी वाचणे उपयोगाचे ठरते.

- *सॅलिसिलिक ॲसिड* (०.५ ते २ टक्के): तेलात विरघळत असल्याने छिद्रात शिरते आणि साचलेल्या मृत पेशी सैल करते.
- *नायसिनामाइड* (२ ते ५ टक्के): तेल आणि डाग कमी करण्यास मदत करते, सहसा झोंबत नाही.
- *बेंझॉइल पेरॉक्साइड* (२.५ ते ५ टक्के): मुरुमांमधले जिवाणू मारते. त्वचा कोरडी पडू शकते आणि टॉवेल, अभ्रे यांचा रंग उडतो.
- *ॲडापॅलीन* (०.१ टक्का): छिद्रे बुजू देत नाही. रात्री लावायचे असते आणि गरोदरपणात टाळायचे असते.

सगळे एकदम सुरू करू नये. एक घटक घ्यावा, एक दिवसाआड लावावा आणि त्वचेने तो स्वीकारला की वाढवावा. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. दर आठवड्याला नवी बाटली आणणाऱ्याला कोणत्याच उपायाचा गुण कळत नाही.

सर्वांत मोठा धोका: स्टेरॉइड क्रीम

मैत्रिणीने सांगितलेली किंवा मेडिकलवाल्याने हातात दिलेली एखादी छोटी ट्यूब चार दिवसांत चेहरा उजळ करते, मुरूम बसवते. अशा ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असते. ही औषधे इसब, सोरायसिस यांसारख्या आजारांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवसांसाठी वापरायची असतात. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, नको तिथे केस येतात आणि मुरूम पूर्वीपेक्षा जास्त उठतात. क्रीम थांबवले की चेहरा लाल होऊन भाजल्यासारखी आग होते. मग माणूस पुन्हा तेच क्रीम लावतो आणि त्यात अडकतो.

हा प्रश्न इतका वाढला, की त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याविरुद्ध मोहीम उघडली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड क्रीमच्या विनाचिठ्ठी विक्रीला बंदी घातली. तरीही ही क्रीम सर्रास वापरली जातात. पाकिटावर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे नाव असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ते चेहऱ्याला लावू नये. आधीपासून लावत असल्यास ते कसे थांबवायचे, हेही त्वचारोगतज्ज्ञांनाच विचारावे.

खाण्यापिण्याचा संबंध

तळलेले खाल्ले की तेच तेल चेहऱ्यावर येते, हा समज चुकीचा आहे. मात्र गोड पेये, मैद्याचे पदार्थ अशा रक्तातली साखर झटकन वाढवणाऱ्या आहाराचा मुरुमांशी संबंध अभ्यासांत दिसला आहे. काहींच्या बाबतीत दुधाचाही दिसतो. एखादा पदार्थ खाल्ल्यावर मुरूम वाढतात असे वारंवार जाणवले तर तो कमी करून पाहावा. सरसकट पथ्याची गरज नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- मुरूम मोठे, खोल, दुखरे असतील किंवा खड्डे पडू लागले असतील.
- तेलकटपणासोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील किंवा डोक्यावरचे केस विरळ होत असतील. यामागे पीसीओएस असू शकतो.
- भुवया, नाकाच्या कडा आणि डोक्यात लालसर, तेलकट खवले येत असतील.
- तीन महिने नीट काळजी घेऊनही फरक पडला नसेल.

गंभीर मुरुमांवर डॉक्टर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतात. त्यांनी तैलग्रंथी आकुंचन पावतात आणि तेल खूप कमी होते. पण गरोदरपणात घेतल्यास बाळात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते. म्हणून उपचार सुरू असताना आणि संपल्यावर किमान महिनाभर गर्भधारणा टाळावीच लागते. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून ही गोळी कधीही घेऊ नये.

वयात येणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत घरच्यांनीही एक पथ्य पाळावे. 'तोंड नीट धूत नाहीस म्हणून मुरूम येतात' हे वाक्य जवळपास प्रत्येक घरात ऐकू येते. ते खरे नाही आणि त्याने मुले चेहरा आणखी घासू लागतात. त्यापेक्षा एक सौम्य फेसवॉश आणून द्यावा, आणि खड्डे पडू लागण्याआधी डॉक्टरांकडे न्यावे.