ओजिमाचं इंजिन आणि ९१ ऑक्टेन

गेल्या रविवारी ओजिमाला जाऊन आलो. गुन्मा प्रांतातलं हे जुनं गाव २००५ पासून ओता शहरात मोडतं. नौदल सोडून आलेल्या चिकुहेई नाकाजिमाने १९१७ मध्ये विमानांचा उद्योग इथेच मांडला. (आजची सुबारू त्याचीच वारस.)

माझी पीएचडी नॉकिंगवर. ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने-उष्णतेने भडकतं आणि इंजिन खडखडतं. ठिणगी जरा उशिरा टाकली की खडखड थांबते, पण ताकदही घटते. नाकाजिमाचं 'होमारे' इंजिन, १८ सिलिंडर, सुमारे २००० अश्वशक्ती, आखलेलं १०० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी. १९४१ मध्ये अमेरिकेने तेल तोडलं. हाती उरलं ९१. मग आत जाणाऱ्या मिश्रणात पाणी आणि मेथनॉल फवारून भागवायचं!

प्रयोगशाळेत आमचा फार तर पिस्टन जळतो. तिथे वर पोरं बसलेली असायची.