पिंगुळीच्या चित्रकथी पोथ्या

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळच्या जवळ असलेले पिंगुळी हे गाव अनेकांना राऊळ महाराजांच्या मठामुळे ठाऊक असते. याच गावातील ठाकर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या चित्रकथी पोथ्या मात्र शहरी वाचकाला भेटल्या त्या बहुधा संग्रहालयाच्या काचेआड. पोथी म्हटले की लाल वस्त्रात बांधलेली ओवीबद्ध पाने डोळ्यांपुढे येतात. चित्रकथीची पोथी तशी नसते. ती सुट्या चित्रांची चळत असते. एका आख्यानाची साधारणतः तीस ते पन्नास चित्रे मिळून एक पोथी होते, आणि त्या चित्रांवर कथेचा मजकूर नसतो. मजकूर कथेकऱ्याच्या मुखी असतो. हा ग्रंथ दोघांत वाटलेला आहे. अर्धा कागदावर, अर्धा कंठात.

सादरीकरणाची रीत साधी. देवळात कथेकरी बैठक मारून बसतो, साथीला तंतुवाद्य, हुडुक आणि टाळ. समोर टेकवून ठेवलेल्या चळतीतले एकेक चित्र पुढे येते. कथेकरी प्रसंग गातो, मग गद्यात फुलवून सांगतो, पात्रांचे संवाद आवाज बदलून म्हणतो. चित्रे बहुधा पाठीला पाठ चिकटवलेली असल्याने पान उलटताच पुढचा प्रसंग उभा राहतो. बंगालचे पट, राजस्थानातील फड किंवा तेलंगणातील चेरियाल येथील चित्रपट लांबलचक असतात. त्यांत कथेचा क्रम कापडावरच पक्का झालेला असतो. सुट्या पानांच्या पोथीत ती सक्ती नाही. श्रोते रंगले तर एका पानावर हवा तितका वेळ थांबता येते, रात्र सरत आली तर काही पाने मागे ठेवता येतात.

कथा रामायण-महाभारताच्या असल्या तरी त्या रूढ ग्रंथांबरहुकूम नसतात. सहस्रमुखी रावणाचा वध रामाच्या नव्हे, सीतेच्या हातून होतो. बभ्रुवाहन आपल्याच पित्याला, अर्जुनाला, रणात पाडतो. कृष्ण आणि अर्जुन एकमेकांवर शस्त्र उगारतात. लोकमानसाला प्रिय असलेली ही आख्याने चित्रकाराला मोठा वाव देतात. युद्धाची पाने तर या पोथ्यांचे वैभवच होत. समोरासमोर ठाकलेले रथ, आकाशात एकमेकांना भिडणारे बाण, अनेक मस्तकांचे राक्षस आणि या साऱ्या गदारोळात एका बाजूने रंगवलेले, विस्फारलेल्या मोठ्या डोळ्यांचे वीर. खोली, छायाप्रकाश यांच्या भानगडीत चित्रकार पडत नाही. मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात, मागच्या रांगेतल्या पोरालाही राक्षस ओळखू आला पाहिजे, ही त्याची गरज. ठसठशीत बाह्यरेषा आणि सपाट भरलेले तांबडे, पिवळे, निळे रंग ही गरज नेमकी भागवतात. पिंगुळीचे ठाकर कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचेही खेळ करीत आले आहेत. चित्रांतील आकृतींची ठेवण पाहिली की या कलांचे नाते वेगळे सांगावे लागत नाही.

परंपरा किती जुनी, याचे उत्तर देताना बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथाकडे बोट दाखवले जाते. चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख त्यात येतो. पिंगुळीच्या कलावंतांना सावंतवाडीच्या भोसले संस्थानाचा आश्रय होता. कोणत्या घराण्याने कोणत्या गावच्या देवळात कथा लावायची याची वाटणीही ठरलेली असे. शिवकाळात हे कलावंत हेरगिरी करीत, असेही सांगितले जाते. ती कथा मात्र कथा म्हणूनच ऐकलेली बरी.

अभ्यासकांच्या जगात या चित्रांना दीर्घकाळ ‘पैठण शैली’ हे नाव चिकटून राहिले. काही नमुने पैठण परिसरातून हाती आले, म्हणून हे नाव पडले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती जतन झाली आहेत. गोदाकाठचे पैठण कुठे आणि सह्याद्रीपलीकडचे पिंगुळी कुठे! १९७७ साली मणी कौल यांनी ‘चित्रकथी’ हा माहितीपट केला. ॲना डालापिकोला यांचा पैठण चित्रांवरील जर्मन ग्रंथ १९८० साली प्रसिद्ध झाला, तर व्हॅलेंटिना श्टाखे-रोझेन यांचा पिंगुळीच्या चित्रांतील कथाकथनावरील इंग्रजी निबंध १९८४ साली प्रसिद्ध झाला. या लेखनाचे मोल मोठे आहे. कारण तोवर अनेक पोथ्या फुटल्या होत्या. पाने एकेकटी विकली गेली आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियमसारख्या दूरच्या संग्रहांतही पोचली. सुटे पान सुंदर दिसते. पण रथातला हा योद्धा कोण, तो कोणावर का धावून जातो आहे, हे त्यावरून ओळखणे कठीण. आयुधे, मुकुट, वाहने यांवरून तर्क लढवावा लागतो. ज्याला ते आख्यान पाठ होते तो कथेकरी असता, तर हा प्रश्न क्षणात सुटला असता.

गाव मात्र अगदीच रिते झालेले नाही. येथील परशुराम गंगावणे यांनी कुटुंबीयांच्या मदतीने २००६ साली ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभारले, तेही घराच्या गोठ्यात. जुन्या चित्रांबरोबर बाहुल्या आणि वाद्ये तेथे पाहावयास मिळतात. २०२१ साली गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा वृत्तपत्रांतून पिंगुळीचे नाव पुन्हा झळकले. नव्या पिढीतील काही जण चित्रे काढतात. भिंतीवर लावण्याजोग्या एकट्या चित्राला गिऱ्हाईक मिळते, सबंध पोथीला क्वचितच; आणि चित्र शिकायला जितका काळ लागतो त्याहून अधिक काळ आख्यान कंठस्थ करायला लागतो. गोठ्यातल्या त्या संग्रहालयात पाहुणे आले की एखादे आख्यान थोडक्यात गाऊन दाखवले जाते. देवळात हीच कथा रात्रभर चाले.