मोट आणि स्टीअरिंग

नातवाने गाडीच्या चामडी स्टीअरिंगला खोबरेल चोळलेले पाहिले आणि मोट आठवली. आमच्या जळकोट भागात विजेचे पंप येण्यापूर्वी विहिरीचे पाणी चामड्याच्या मोटेने काढीत. ढोर समाजातले कारागीर बाभळीच्या आणि तरवडाच्या सालीत कातडे कमावीत. असे चामडे तेल पिते. करडईच्या तेलावर मोट टिके. जिच्यावर गावाचे मळे भिजत ती मोट त्यांच्या हातची, पण पाणवठ्यावर त्यांनाच मज्जाव! आमच्या सीमेपलीकडच्या बसवकल्याणात मात्र बाराव्या शतकातच बसवेश्वरांच्या शरणांत ढोर कक्कय्या आणि चांभार हरळय्या मानाने बसत. आमच्या गावांना हे उमजायला आठशे वर्षेही पुरली नाहीत.

स्टीअरिंगचे चामडे वेगळे. १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट घेतले. आज जगातले बहुतेक चामडे क्रोमचेच. स्टीअरिंगवर शिवाय रंगाचा पातळ थर असतो. तेल आत मुरत नाही, वरच राहून धूळ धरते, हात निसटतो. सौम्य साबणाच्या पाण्यातले कापड घट्ट पिळून पुसावे, मग कोरड्याने टिपावे. शिवणीत पाणी साचू देऊ नये. आणि ती चकाकी म्हणजे हातांचा मळ, बरं का; नवे चामडे मंदच दिसते.