कोंबडखत, परसबागेतील

कोंबड्यांची विष्ठा आणि खुराड्यातला तूस, पेंढा, पालापाचोळा एकत्र कुजवून केलेले सेंद्रिय खत.  पालघर जिल्ह्यात डहाणू तालुक्यातील वारली घरांच्या गावठी कोंबड्या दिवसभर मोकळ्या चरतात व रात्री खुराड्यात किंवा डालग्याखाली कोंडल्या जातात. अंड्यावरची कोंबडी दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास ओली विष्ठा टाकते, गावठी त्याहून कमी. त्यातही हाती लागते ती रात्रीचीच. पाच-सात कोंबड्यांवर वाडी पिकत नाही. दोडका, कारली, मिरची, अळू यांची परसबाग मात्र निघते.

कोंबडीची लघवी वेगळी पडत नाही. विष्ठेवरचा पांढरा थर युरिक आम्लाचा असतो आणि तो कुजताना अमोनिया सुटतो. ताजी विष्ठा बुडाशी टाकली की पानांच्या कडा करपतात ते यामुळेच. शेतकरी हे खत ‘उष्ण’ म्हणतात, ते चुकीचे नाही. वाळलेल्या कोंबडखतात सुमारे ३ टक्के नत्र, अडीच टक्के स्फुरद व दीड टक्क्याच्या आत पालाश असते. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खतात चुनाही बराच असतो.

विष्ठेत कर्ब व नत्र यांचे प्रमाण १०:१ च्या आसपास असते. नीट कुजण्यासाठी ते २५ ते ३०:१ लागते. म्हणून घमेलेभर विष्ठेला दोन-तीन घमेली सुका पाला, भाताचा तूस किंवा चिरलेला पेंढा घालतात. ओल मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी गळू नये, एवढीच. तीन फूट लांब-रुंद-उंच ढीग आतून ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, साल्मोनेलासारखे जंतू त्यात मरतात. अट एवढीच की ढीग वरचेवर उलथून बाहेरचा थर आत गेला पाहिजे. घरगुती ढीग बहुधा याहून लहान असतो, तापत नाही. त्याला शेणाची जोड द्यावी आणि सहा महिने ते वर्षभर हात लावू नये. अर्धवट कुजलेले खत पालेभाजीला घालणे धोक्याचेच. कच्ची विष्ठा पडलेल्या वाफ्यातून १२० दिवस तरी मातीला टेकणारी भाजी काढू नये.

पिसवांसाठी खुराड्यात चुलीची राख टाकण्याची चाल आहे. राखेतून पालाश मिळते खरे, पण अल्कधर्मी राख ताज्या विष्ठेत मिसळली की नत्र वासावाटे उडून जाते. राख तयार खतात, वाफ्यावर टाकावी.

डहाणूकडचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात कोसळतो. उघड्या ढिगातले नत्र पहिल्या सरींतच ओहोळाला लागते, म्हणून ढीग दिवाळीनंतर घालून पावसाआधी झाकणे सोयीचे. तयार खत चौरस मीटरला साधारण एक किलो पुरते. दरवर्षी सढळ हाताने घातल्यास मातीत स्फुरद साचत जाते.

विष्ठा हाताळताना नाकातोंडाला फडके बांधावे. कोंबड्या पटापट मरू लागल्यास खुराड्यातले काहीही खतात घेऊ नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. अशा साथीत कोंबड्यांबरोबर विष्ठा व तूसही खोल खड्ड्यात चुना टाकून पुरतात.